देवमनच्या हातची लाइन

"डिम कराची? कायले बापा? चांगली फकफक लाइट पडून राह्यली, अन् तू म्हनतं डिम कर! डोकं गरम झालं का तुह्यं?"

स्टुलावर उभा राहून, टेस्टर कानावर खोचून देवमन वायरमन विचारत होता. खाली पियुष मोबाइलवर व्हिडिओ लावून उभा. खुशालरावाचा हा पोरगा पुण्याला नोकरी करतो. बापानं वलगाव रस्त्यावर नवा बंगला बांधला, त्याच्या हॉलच्या छताला यानं तीन लांब पट्ट्या ठोकून घेतल्या. पट्टीवर सरकणारे दिवे. त्याला म्हणायचं ट्रॅक लाइट.

"काका, याला मूड लायटिंग म्हणतात," पियुष म्हणाला. "सोफ्याचा वेगळा मूड, डायनिंगचा वेगळा, फोटोंच्या भिंतीचा वेगळा."

"आमच्या वलगावात त पयलेपासून हाय. संध्याकायी साऱ्याईच्या मोटरा चालू झाल्या का घरोघरी मूड येते."

आमच्या वऱ्हाडात 'डिम' हा शब्द मराठीच आहे. पुण्याकडचे लोक 'व्होल्टेज कमी झालं' म्हणतात. कोणाचं तरी बीपी उतरल्यासारखं. आम्ही म्हणतो, 'लाइन डिम झाली.' असं झालं की घरातलं मोठं माणूस पहिले ओरडते, 'फ्रीज बंद करा!' घरात फ्रीज नसला तरी ओरडते. मग कूलर बंद, टीव्ही बंद, आणि शेवटी 'देवमनले बलाव.'

हा देवमन तरुणपणी नांदगाव पेठेला एका कापडाच्या कारखान्यात मेंटेनन्सला होता. तिथं सुपरवायझरशी त्याचं बिनसलं. सुपरवायझर म्हणे, पहिले अर्ज लिहून दे, मग फ्यूज बदल. देवमन म्हणे, अंधारात लिहू कसा? नोकरी गेली आणि वलगावला वायरमन मिळाला. तेव्हापासून कोणाचा न्यूट्रल ढिला, कोणाचं कटआउट जळलं, कोणाची लाइन एका फेजवरून काढून दुसऱ्यावर टाकायची, हे सारं त्याच्याकडं. काम त्याला येत होतं, पण तोंड त्याहून जास्त चालायचं. लग्नाच्या मांडवात, पानठेल्यावर, एवढंच काय, मयतीलाही तो सांगायचा, "माह्या हातची लाइन आजलोक डिम झाली नाई."

यावर त्याची बायको पार्बताबाई म्हणायची, "पयले आपल्या चुलीपुढचा लाइट पाहा. भाकर भाजली का जयली, हुंगून पाहा लागते."

"थो माह्या हातचा नाई. तुह्या भावानं बसोला."

असा हा माणूस, आणि त्याच्याच हातात पियुषनं डिमर ठेवला. एका प्लेटवर उजेड कमी-जास्त करायची तीन गोल बटणं. संध्याकाळी बहीण आचलला पाहायला अकोल्याचे पाहुणे येणार होते, त्याच्या आत काम व्हायला पाहिजे होतं.

देवमननं मेन स्विच पाडला, टेस्टर लावून खात्री केली. डिमरच्या आत जाणारी एकच फेज, बाहेर निघणाऱ्या तीन वायरी, एकेका पट्टीला एक. न्यूट्रल वरच्या वर. उलटसुलट होऊ नये म्हणून वायरींना वेगवेगळ्या रंगाच्या टेप गुंडाळल्या. दिव्यांचं खोकं मागवून त्यावर डिम होणारे आहेत का तेही वाचून घेतलं. नाहीतर दिवे फडफडतात. काम नीट चाललं होतं. पण प्रत्येक बटणाच्या मागं एक बारीक स्क्रू होता. दिवा कमीत कमी किती उतरू द्यायचा, ते त्या स्क्रूवर. देवमननं इकडंतिकडं पाहिलं आणि तिन्ही स्क्रू आवळून पार वर नेऊन ठेवले. मग प्लेट बसवली.

पियुषनं बटण शेवटपर्यंत फिरवलं. दुपारच्या उन्हासारखा उजेड तसाच.

"काका, हे डिम होत नाहीये."

"होऊन राह्यलं ना. डोये बारीक करून पाह्य."

शिकलेलं पोरगं. त्यानं खरंच डोळे बारीक केले. बहुतेक थोडं डिम वाटलंही असेल. पण मग त्यानं व्हिडिओ मागं नेला, त्यात तो स्क्रू दिसला, आणि देवमन सापडला.

"पाह्य पियुष," देवमन स्टुलावर बसला. "आज अकोल्याचे मानसं येतीन. तुहा बाप साऱ्याईच्या पुढं म्हनन का देवमनची लाइन डिम झाली. जल्मभर एकच गोष्ट मिरोली म्या. थे गेली त माह्याजोळ राह्यलं काय, पक्कड?"

"मी बाबांना समजावून सांगतो ना."

स्क्रू ढिले झाले. पियुषनं मात्र बापाला काही सांगितलं नाही. त्याला आधी केस सेट करायचे होते. खुशालरावानं देवमनला थांबवून घेतलं. पाहुणे येणार, घरात वायरमन असलेला बरा.

पाहुणे आले. नवरा मुलगा अंकुर, त्याची आई मैनाबाई, चार नातेवाईक. आचल पोह्यांचा ट्रे घेऊन निघाली आणि पियुषनं तिन्ही बटणं खाली नेली. हॉलमध्ये मूड आला.

"लाइन डिम झाली!" खुशालराव उभा राहून गरजला. "फ्रीज बंद करा! एसी बंद करा!"

कोणी तरी धावत जाऊन दोन्ही बंद केले. मैनाबाईही जुन्या सवयीनं उठल्या आणि पंख्याचं बटण दाबून आल्या. "आमच्या अकोल्यालेबी असंच हाय," म्हणाल्या. मग बसल्या, आणि त्यांच्या डोक्यात दुसरंच आलं. शेजारच्या बाईला कुजबुजत बोलल्या, पण वऱ्हाडी कुजबुज, ती फाटकापर्यंत गेली. "पोरगी आली अन् लाइट उतरली. कावून वो? काई लपवून राह्यले का?"

पियुष घाबरून पुढं आला. "मावशी, हे मूड लायटिंग आहे. रिलॅक्स वाटावं म्हणून."

"पोरगी पाहाले आलो बापा, झोपाले नाई."

"देवमन!" खुशालरावाचा आवाज चढला. "आबे, तुह्या हातची लाइन डिम झाली!"

देवमन स्वयंपाकघरात होता, तोंडात पोहे. घास तसाच गिळून तो दारात आला. सारे त्याच्याकडं पाहत होते. म्हणजे पाहायचा प्रयत्न करत होते.

"झाली नाई खुशालभाऊ. केली."

"कोनं?"

देवमननं पियुषकडं पाहिलं. पियुष पट्ट्यांकडं पाहत होता.

"म्या केली. माह्या हातानं."

हे जास्तच वाईट झालं. लाइन आपोआप डिम होते हे सारं जग समजून घेते. वायरमननं मुद्दाम केली, हे कोणी समजून घेत नाही.

मग आचलनं ट्रे खाली ठेवला, भिंतीजवळ गेली आणि तिन्ही बटणं एकामागं एक वर नेली. लखलखाट झाला.

"घ्या, पाहा बरोबर," ती म्हणाली. "मीबी पाहून घेतो."

तिनं पाहिलं. सोफ्यावरच्या दिव्याखाली नवरा मुलगा मान टाकून झोपला होता. मूड लायटिंगचा असर एकट्या अंकुरवर झाला होता.

अकोल्याचे 'कळवतो' म्हणून गेले. कळवलं आचलनंच, 'नाही' म्हणून. देवमन घरी निघाला तेव्हा त्याला मात्र म्हणाली, "काका, तुमची लाइन चांगली हाय. पोट्टंच डिम निंघालं."

पण ही गोष्ट घरातच राहिली. बाहेर गेली ती खुशालरावाची आरोळी, देवमनच्या हातची लाइन डिम झाली. सकाळच्या चहाला सारं वलगाव देवमनला 'डिमर' म्हणत होतं. पानठेल्यावर डिमर, पाराजवळ डिमर.

"अवो डिमर, च्या थंडा होऊन राह्यला," पार्बताबाई चुलीपुढून म्हणाली. ती भाकर हुंगत होती.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं वरच्या आळीतले नत्थुजी.

"डिमरभाऊ हायेत का? आमची लाइन डिम झाली वो."

"डोये बारीक करून पाहा!" देवमननं फोन आपटला.

चहा पिऊन झाला. बशी पालथी घातली. मग तो उठला, टेस्टर कानावर खोचला, शिडी खांद्यावर घेतली आणि नत्थुजीच्या घराकडं निघाला.