पोलादाच्या पोटात

मामांनी सत्तावीस वर्षं एका पोलादी ठोकळ्याची सेवा केली. बंद असताना त्याचं पोट त्यांनी शेकडो वेळा घासून लख्ख केलं होतं, पण चालू असताना आत काय घडतं, ते देवच जाणे. त्या ठोकळ्याला कारखान्यात डाय म्हणत. तीन नळ्यांतून वितळलेलं प्लॅस्टिक आत शिरायचं, थरावर थर बसायचे आणि अरुंद फटीतून एकच पत्रा बाहेर यायचा. वरचा-खालचा थर साधा, मधला हवा अडवणारा. हा मधला थर म्हणजे मानी नायिका! जरा बिनसलं की कडेला पळायचा. मामा म्हणत, "मधली रुसली."

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मामा सहा आठवडे घरी बसले आणि इकडे मधली रोजच रुसू लागली. पत्र्याच्या दोन्ही कडांना बाहेर डोकावू लागली. मालक म्हणाले, "डाय झिजली. भंगारात काढा." डाय गेली की मामांना तरी कशाला ठेवतील?

काठी टेकत मामा कामावर परतले. मालकांच्या विनवण्या करून त्यांनी आपल्या भाचीला बोलावलं. असे प्रवाह कॉम्प्युटरवर मांडून पाहणं हेच तिचं काम. नोंदवहीतले आकडे तिने भरले, मशीन बराच वेळ घुमलं आणि पडद्यावर डाय काचेसारखी पारदर्शक झाली.

मामा बसायचं विसरले. निळ्या दोन प्रवाहांमधून पिवळा प्रवाह संथ सरकत होता.

"हे खरंच आत चाललंय?"

"गणित आहे, मामा. प्रत्येक ठिपक्याला विचारलंय, बाबा रे, तू कुठे निघालास?"

कडेपाशी पिवळा वळला आणि निळ्याला वळसा घालून भिंतीकडे निसटला.

"पळाली! बघ, रुसली!" मामा ओरडले.

"डाय कोरी करकरीत धरलीय, तरी पळते," भाची म्हणाली. "म्हणजे दोष डायचा नाही. मधला माल जास्त तापून पातळ होतोय. पातळ माल भिंत गाठतो आणि घट्ट मालाला वेढतो. पण मामा, वहीत तर वर्षानुवर्षं तुमच्या हातचे हेच आकडे आहेत. मग तेव्हा पत्रा चांगला कसा यायचा?"

मालक मागेच उभे होते. गप्प राहिलं तर डाय जाणार, बोललं तर अब्रू. मामा मालकांकडे वळले.

"वहीत मी खोटं लिहिलंय, साहेब. मशीनच्या पुस्तकातला तापमानाचा छापील आकडा मोडला म्हणून जुन्या मॅनेजरनी झापलं होतं. तेव्हापासून लिहायचो छापील, आणि मधलीला ठेवायचो बारा अंश कमी. माझ्यामागे पोरांनी वही प्रमाण मानली."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आम्हालाच मामा बनवलंत?"

भाचीला हसू फुटलं. तिने जीभ चावली आणि बारा अंश कमी करून गणित पुन्हा लावलं. वीस मिनिटं मशीन घुमत राहिलं. मग पिवळा प्रवाह या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरला, सरळ, शांत, एकसारखा.

"डाय राहू द्या," मालक म्हणाले. "आणि वही उद्यापासून खरी लिहायची. पहिल्या पानावर तुमची चूक, तुमच्याच अक्षरात."

मामांनी मान हलवली, पण नजर पडद्यावरून हलली नाही. अंगठ्याने पत्रा चाचपून जे नुसतं ताडलं होतं, ते समोर वाहत होतं.

"पुन्हा दाखव गं," ते हळूच म्हणाले. "जरा सावकाश."