ओव्हनमधली हिरवी बरणी

अमेरिकेत मी कायद्यानेच 'अवलंबून' होते. नवरा नोकरीच्या व्हिसावर आलेला, मी त्याच्या मागोमाग. बायकोने इथे काम करायचं नाही, अशी सरकारी अट. नागपूरला मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. इथे कॅरी नावाच्या गावात आल्यावर मी नवऱ्याचा डबा भरायचे आणि खिडकीतून पार्किंग लॉट बघायचे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी हमखास विचारायचं, "मग तू सध्या काय करतेस? घरीच?" त्या 'घरीच'चा मला असा संताप यायचा की हातातली प्लेट मोदकांसकट समोरच्याच्या डोक्यात घालावी.

म्हणून मी शेवाळ वाढवायला घेतलं. घरीच.

शाळांना प्रयोगाचं सामान पुरवणाऱ्या एका कंपनीकडून स्पिरुलिनाची बोटभर नळी मागवली. शास्त्राच्या हिशेबात हे शेवाळ नव्हेच, जिवाणूंच्या जातीचं. पण हिरवं आहे, पाण्यात वाढतं, तेव्हा सगळे शेवाळच म्हणायचे आणि मीही म्हणू लागले. लोणच्याची रिकामी झालेली मोठी काचेची बरणी घेतली. तिच्यात पाणी, खाण्याचा सोडा, मीठ, आणि बागकामाच्या दुकानात झाडाचे बुंधे कुजवायला विकतात ती सोऱ्याची पावडर चिमूटभर. मासे पाळणाऱ्यांचा छोटा पंप आणून हवेचे बुडबुडे सोडले. पहिले काही दिवस पाणी मूग भिजवल्यासारखं फिकट राहिलं, मग एका सकाळी ते चांगलं गर्द हिरवं दिसलं. कुणाच्या तरी जुन्या सामानाच्या गराज सेलमध्ये मिळालेल्या मुलांच्या मायक्रोस्कोपखाली थेंब ठेवला. वळ्यावळ्यांचे बारीक धागे हलत होते. मी एकटीच स्वयंपाकघरात मोठ्याने हसले. किती महिन्यांनी मी माझ्या कामाचं काहीतरी बघत होते!

नवऱ्याला ते पटलं नाही. तो वाईट माणूस नव्हता, भित्रा होता.

"अगं, अपार्टमेंटवाले बुरशी, मोल्ड समजून नोटीस देतील. उगाच व्हिसाची भानगड नको. फेकून दे ना यार."

"व्हिसावर नोकरी करू नये असं आहे. शेवाळ वाढवू नये असं कुठे लिहिलंय, दाखव."

मी बरणी हलवली नाही. चक्का बांधावा तसं पंच्यात गाळून तो हिरवा गोळा मी थालीपिठात मळायचे आणि एकटीच खायचे, कारण तो ते ताटात घ्यायलाही तयार नव्हता.

तळमजल्यावर एक काकू राहायच्या, साताऱ्याहून मुलाकडे आलेल्या. एकदा त्यांनी बरणी बघितली, वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे विरजणासारखंच की हे. थोडं लावलं की वाढतं. मलाही दे वाटीभर." विरजण मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. दिलं, आणि खतपाणी कसं घालायचं तेही सांगितलं.

हिवाळा आला तशी खिडकी गार पडू लागली आणि पाण्याचा रंग उतरायला लागला. त्यावर आम्हा सगळ्या बायकांकडे एक युक्ती तयारच होती. थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही, म्हणून ते ओव्हनमध्ये ठेवून आतला फक्त दिवा लावायचा. तेवढी ऊब पुरते. एरवी आमच्या घरांत ओव्हन म्हणजे कढया ठेवायचं कपाट. मी कढया काढल्या, बरणी आत ठेवली आणि दिवा लावला. ऊब मिळाली, वर उजेडही. बरणी पुन्हा गडद झाली आणि मी स्वतःवर खूश झाले.

एका रविवारी मी कपडे घेऊन लाँड्री रूममध्ये गेले होते. नवऱ्याचे ऑफिसमधले मित्र मॅच बघायला आले होते. त्याने फ्रोजन पिझ्झा काढला आणि खोक्यावर लिहिलं होतं तसा ओव्हन आधी तापायला लावला. दार उघडून आत बघितलं नाही.

मी जिन्यात असतानाच स्मोक अलार्म ऐकला. घरात मासळी करपल्याचा वास. बरणी तडकली होती, प्लॅस्टिकचं झाकण वितळून ओघळलं होतं आणि तळाशी काळपट हिरवा राडा शिजत होता. मित्र खिडक्या उघडत होते.

"सॉरी गं, खरंच लक्षात नाही आलं," नवरा म्हणाला. आणि मग, मित्रांसमोर, जरा हसून, "चला, सुटलो एकदाचे."

सुटलो! मला रडू आलं आणि रडू आल्याचा आणखीनच राग आला. कपड्यांची बास्केट तिथेच टाकली, एक स्टीलचं पातेलं उचललं आणि खाली गेले.

काकूंची वाटी एव्हाना मोठ्या काचेच्या भांड्यात गेली होती. हीटरची गरम हवा येते त्या जाळीवरच्या खिडकीत ते भांडं माझ्या बरणीपेक्षाही गडद दिसत होतं. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी बाहेर बघितलं. अंधारून येत होतं.

"दिवेलागणीला विरजण देऊ नये म्हणतात," त्या म्हणाल्या आणि भांडं उचलून माझ्या पातेल्यात अर्धं ओतलं. "घे. माझा मुलगाही रोज म्हणतो, आई, ती घाण टाक. मी त्याला सांगितलं, या घरात माझं म्हणावं असं एवढंच आहे. हात लावशील तर बघ."

मी पातेलं दोन्ही हातांनी धरून वर आणलं. मित्र निघून गेले होते. नवरा गुडघ्यांवर बसून ओव्हन पुसत होता. त्याला मी बाजूला व्हायला सांगितलं. ओव्हन पुरता गार होईपर्यंत तिथेच उभी राहिले, मग पातेलं आत ठेवलं, दिवा लावला. शेवटी तापमानाचं गोल बटण धरून जोरात ओढलं. ते निघालं. ते मी पर्समध्ये टाकलं.

"अगं, हे काय? ओव्हन लावायचा कसा मग?"

"मला विचारायचं."

"आणि तू नाही म्हणालीस तर?"

"तर नाही," मी म्हटलं आणि पर्सची चेन लावली.