फोनने घेतलेला उखाणा

वाळूजला आमच्या कंपनीत सुरक्षा सप्ताह चालू होता, तेव्हा गेटवरच्या भोंग्यातून हेल्मेटवरचं एक गाणं वाजायला लागलं. गाणारा इतक्या कळवळ्याने गात होता की हेल्मेट नव्हे, त्याची प्रेयसीच हरवली असावी. चौकशी केली तर कळलं, गाणारा कोणी नाहीच! आमच्याच विभागातल्या एकाने फोनवरच्या एआयला चार ओळी दिल्या आणि त्याने चाल, वाद्यं, गळा सगळं लावून गाणं परत दिलं. असलं काही कानावर पडलं की मला चैन पडत नाही. कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी ते ॲप उतरवून घेतलं.

घर येईपर्यंत नळाच्या पाण्यावर कव्वाली तयार झाली. आमच्या शहरात नळ यायचा दिवस म्हणजे सणच, त्यामुळे मजकुराला तोटा नव्हता. मग मेथीच्या भाजीवर लावणी करून पाहिली. शेजारच्या आपांनी त्यांच्या शीरखुर्म्यावर गझल करायला लावली. ऐकून म्हणाल्या, "आवाज अच्छा है, मगर इसने कभी खाया नहीं लगता."

त्याच रविवारी आई आली होती. ती बिडकीनजवळच्या आमच्या गावी भावाकडे राहते. पुढच्या आठवड्यात भावाच्या मुलीचं लग्न, म्हणून साड्या घ्यायला दोघी दुपारभर फिरलो. सगळ्यांच्या झाल्या, तिची राहिली. मी म्हटलं, "हळदीला नेसायला एखादी घे की."

"मला काय करायचंय हळदीत? मी कोठीत बसते. कुणाला साखर लागती, कुणाला तेल."

मला इतका राग आला की रिक्षात मी तिच्याशी बोललेच नाही. नातीची हळद, आणि ही तेलाच्या डब्यांची राखण करणार! पण हे काही आजचं नव्हतं. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात. एरवी 'हे', 'अहो', नाहीतर 'तुझे दादा'. आणि उखाणा घेण्यात माझ्या आईचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. नव्या नवऱ्या तिच्याकडे उखाणे मागायला यायच्या. दादा, म्हणजे माझे वडील, गेले आणि "तुम्ही घ्या ना नाव" म्हणणारं कोणी राहिलं नाही. तिला कोणी उठवत नाही, हे खरं. पण उखाणे सुरू झाले की ती आपणहून उठते आणि तिला कोणी बसवूनही घेत नाही. उखाणा बंद झाला, त्याबरोबर दादांचं नावही तिच्या तोंडून गेलं.

घरी आल्यावर मी रागारागाने चहा टाकला आणि मन रमवायला फोन काढून कव्वाली लावली. आई लसूण सोलत बसली होती. तिने मान वर केली.

"कोण गायलंय हे?"

"कोणी नाही. मशीन."

"काय बी सांगितलं तर गातं व्हय?"

"काय बी."

तिने आणखी दोन पाकळ्या सोलल्या. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "उखाणा गाईल का?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी लगेच फोनचा माइक तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, बोल. तिने घसा साफ केला आणि स्वतः रचलेला तिचा जुना उखाणा सांगितला. लग्नाच्या पहिल्या वर्षी दादा तिला सायकलवरून बाजारला नेत, तेव्हाचा.

"सायकलीवर डबलशीट बसले मी ताठ,
बाजारभर बघत गेले... ह्यांची पाठ."

"अगं, नाव?"

"ते त्याला कळंल की."

त्याला काय कळणार, कपाळ! व्हायोलिन वाजलं, मागून कोरस आला आणि एक बाई आर्त सुरात "ह्यांची पाठ, ह्यांची पाठ" करत राहिली. आई हसून हसून लोळायची बाकी राहिली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "अगं, हे म्हणजे कुणाचे बी 'हे'!"

"मग घाल ना नाव."

"तू घाल. तुला काय, तुझा बाप हाय."

मी दादांचं नाव टाइप केलं, पुढे 'राव' लावलं. उगाच गंभीर होऊ नये म्हणून ढोलकी निवडली. फोनवरचं चक्र फिरत होतं तेवढ्यात आईने लसणाचं ताट बाजूला सारलं आणि डोक्यावर पदर घेतला. घरात आम्ही दोघीच, पदर कशाला, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

ढोलकी वाजली. नाजूक, कोवळा, पुण्याकडच्या शाळेतल्या बाईंसारखा आवाज आला. डबलशीट झालं, ताठ झालं, आणि मग त्या आवाजाने दादांचं नाव घेतलं. लाडात, लांबवून, वर शेवटी एक मुरकी.

आईच्या चेहऱ्याकडे बघत होते मी. मला वाटलं, रडेल. कसली रडतेय!

"बंद कर आधी! ही कोण बया माझ्या नवऱ्याचं नाव घेणारी?"

"आई, मशीन आहे ते."

"असंल मशीन. सायकलीवर ती बसली होती का मी?"

मला हसू आवरेना, पण ती खरीच चिडली होती, नाकपुड्या फुगवून. मी फोन पालथा ठेवला. म्हटलं, "मग तू घे."

"अशी कशी घेऊ? आधी कुणी तरी म्हणावं लागतं."

हळदीला ती कोठीत का जाऊन बसते, ते मला तेव्हा कळलं. मी ओट्याजवळून येऊन तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आई, नाव घे."

तिने घेतलं. चाल नाही, काही नाही, घाईत एका दमात. नाव आलं तिथं आवाज फाटला, पण थांबली नाही. मग लसूण पुढे ओढून म्हणाली, "लई दिवसांनी घेतलं." त्या दिवशी मी पुन्हा फोनला हात लावला नाही.

आठवड्याने भावाच्या अंगणात हळद लागली. आई मी मागाहून आणलेली नवी साडी नेसली होती, पण बसली होती कोठीच्या उंबऱ्यावरच. उखाणे सुरू झाले. काकू झाली, भावजय झाली, मावश्या झाल्या, आणि पाळी तिला ओलांडून पुढे जायला लागली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "थांबा गं. माझं राहिलंय."

सगळ्या वळल्या. माझी काकू, जिने या घरात सगळ्यात जास्त विधिनिषेध पाळले, तीच आधी बोलली, "घ्या की मग जाऊबाई, वाट कुणाची बघायलात?"

आईने सुरुवात केली आणि म्हाताऱ्या बायकांना उखाणा आठवला. "डबलशीट बसले मी ताठ" सगळ्या तिच्याबरोबर म्हणाल्या. "बाजारभर बघत गेले" म्हणाल्या आणि तिथं सगळ्या एकदम गप्प झाल्या.

नाव तिने एकटीने घेतलं.