मास्तरांचा हात

धुकं असं दाट पडलं होतं की समोरच्या घराची गच्ची तेवढी तरंगताना दिसत होती. खालचं घर कुणी फडक्याने पुसून टाकावं तसं गायब. अशा थंडीत मास्तर लेकीच्या मोरीत उकिडवे बसून आदल्या दिवशीची भांडी घासत होते. बोटं गारठून गाजरासारखी लाल झाली होती. आतून लेकीचा आवाज आला.

"बाबा, कढईला काथ्या नका लावू, वरचा थर निघतो!"

"तू पड गं गुमान. उठलीस तर डॉक्टरीणबाई मला ओरडतील."

लेकीला सातवा महिना होता. अंथरुणातून उठायचं नाही अशी सक्त ताकीद. जावयाची पाळी पहाटेची. म्हणून साडेचार वर्षांच्या नातीला, भिंगरीला, दोन महिने आजीकडे न्यायचं ठरलं, आणि आजीच्या गुडघ्यांनी संप केल्यामुळे न्यायला मास्तर आले. घोडं अडलं होतं ते तिथंच. भिंगरीची आजीशी गट्टी होती. आजोबा म्हणजे नुसता खुंटीवरचा खाकी शर्ट. ती सुट्टीत जायची तेव्हा हे ड्यूटीवर.

एकतीस वर्षं मास्तरांनी बसवर कंडक्टरकी केली. नोकरी सुटून आठ महिने झाले, तरी गावभर नाव 'मास्तर'च. आणि त्यांची ख्याती कशात, तर रडणारी पोरं गप्प करण्यात. सहा तासांच्या प्रवासात पोर किंचाळायला लागलं की आईआधी मास्तर पोचायचे. एखाद्याच्या हातात तिकिटाचा पंच द्यायचे, "कर टकटक!" रुमालाचा उंदीर करून मनगटावरून पळवायचे. हुकमी डाव म्हणजे हॉर्नचा. पोराला म्हणायचे, "तू 'हॉर्न' म्हण, बस ऐकते तुझं." पोर बोबडं ओरडलं की मास्तर हळूच मागच्या हाताने पत्र्यावर टिचकी मारायचे आणि ड्रायव्हर भोंगा वाजवायचा. पोरं अशी फुशारायची, जणू बस त्यांच्या काकाची.

निघताना लेक म्हणाली, "जगाची पोरं खेळवलीत बाबा. मला खेळवलेलं काही आठवत नाही."

मास्तरांनी पिशवीची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली.

"आणि ऐका. ही तिथं रडून हैराण झाली तर मी इथं पडून राहायची नाही. सरळ गाडीत बसून येईन. मग डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत."

म्हणजे जे काही करायचं, ते या सहा तासांत.

बस सुटली. भिंगरी खिडकीला नाक लावून मुकी बसली. रडत नव्हती, हेच वाईट. मास्तरांनी रुमालाचा उंदीर काढला.

"हा रुमाल आहे," भिंगरी म्हणाली.

"बरं, मग तू 'हॉर्न' म्हण. बघ गंमत!"

"हॉर्न."

मास्तरांनी पत्र्यावर टिचकी मारली. ड्रायव्हर नवा, त्याला काय ठाऊक? त्याने मान खाजवली. भिंगरीने आजोबांकडे अशा संशयाने पाहिलं, की तिकीट तपासणाऱ्या साहेबानेसुद्धा कधी पाहिलं नसेल.

"मला आईकडे जायचंय," ती म्हणाली, आणि खालचा ओठ थरथरला.

परक्या पोरांना ते हसवायचे, कारण उतरल्यावर पोर आणि मास्तर दोघं मोकळे. हिचं तसं नव्हतं.

अर्ध्या वाटेवर बस थांबली. उतरलेली माणसं चहा पिऊन परत चढली. मास्तर पाय मोकळे करायला उभे राहिले, आणि उभं राहिल्यावर डोळे आपसूक मागे गेले. बाकं भरलेली. दार लागलेलं. हात वर गेला, बेलची दोरी दोनदा ओढली. टण टण! ड्रायव्हरने गिअर टाकला, बस निघाली. मास्तर समाधानाने खाली बसले.

"आजोबा," भिंगरी काचेला डोकं टेकवून म्हणाली, "तिकीटवाली मावशी राहिली."

मास्तरांनी पाहिलं. कंडक्टरबाई एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हाताने ओढणी सावरत, बसमागे जिवाच्या आकांताने पळत होती.

"अरे देवा!" म्हणत त्यांनी दोरी हिसकली. बस थांबली. बाई धापा टाकत चढली.

"कुणी दिली बेल? कोण ते शहाणं?"

मास्तरांनी मान खाली घातली. तेवढ्यात भिंगरी बाकावर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आमच्या आजोबांनी!"

"काय हो आजोबा, बस काय घरची आहे?"

"एकतीस वर्षं घरचीच होती, बाई," मास्तर पुटपुटले. "हाताला अजून कुणी सांगितलं नाही."

बाईला हसू फुटलं, मग ड्रायव्हरला, मग बसला. आणि भिंगरी! ती पोट धरून अशी हसली की तिला उचकी लागली. पाणी पाजायला बाईचीच बाटली घ्यावी लागली.

पुढे कामच ठरलं. भिंगरीने मास्तरांचा उजवा हात आपल्या दोन्ही मुठींत घट्ट धरला. थांबा आला की, "आजोबा, हात खाली! मावशी, चढलीस का?" बाई म्हणायची, "चढले गं, माझी साहेबीण!" मगच बेल. मास्तरही मुद्दाम हात थोडा उचलायचे, आणि भिंगरी त्याला लोंबकळायची. शेवटच्या दोन तासांत तिला झोप लागली, तरी मूठ सुटली नाही. हाताला मुंग्या आल्या, मग बधिर झाला. मास्तरांनी तो हलवला नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिचाच आवाज आधी रडवेला. भिंगरीने फोन ओढून घेतला. "आई, आजोबांनी मावशीला सोडून बस पळवली!" भिंगरीने सगळं दोनदा सांगितलं, हात धरून ठेवल्याचंसुद्धा.

"बरं राणी, तुला परत यायचंय का? खरं सांग."

भिंगरीने विचार केला. "येईन ना. पण आत्ता नको. आजोबांवर लक्ष ठेवावं लागतं."

मग लेकीने फोन आजोबांना द्यायला सांगितला. "बाबा... हात दुखतोय का हो?"

"थोडा. तू पड."

"पडते."

"झालं का लाडाकोडाचं?" आजीने स्वयंपाकघरातून हाळी दिली. "लसूण सोलायचाय!"

मास्तर फतकल मारून बसले आणि डाव्या हाताने पाकळ्या मोकळ्या करू लागले.