बुजवलेलं बोअर आणि चिकूची झाडं

१९ एप्रिल, रविवार. सकाळी नाशिकहून निघालो, निफाडजवळ सासुरवाडीला गेलो, विहिरीतलं बोअर बुजवलं, संध्याकाळी परतलो.

एरवी आम्ही दोघं जायचो. माझी पत्नी शैला जानेवारीत गेली. माहेरच्या विहिरीशेजारी तिने चिकूची झाडं लावली होती. ती वाळायला लागलीत, असा मेव्हण्याचा, बाळूचा फोन आला.

संभाजीनगर रस्ता चांगला आहे, स्कूटरने तास-सव्वातास. चांदोरीला मिसळ खाल्ली, ऐंशी रुपये. तर्री वेगळी मागून घ्यावी. पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आहेत. एप्रिलमध्ये छाटणी होऊन नुसत्या काड्या उरतात, त्यामुळे फोटोंसाठी जाणाऱ्यांनी जाऊ नये.

या भागात मातीखाली मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या खडक आणि त्याखाली काळा पाषाण. पावसाचं पाणी वरच्या दोन थरांत साठतं आणि खालचा पाषाण ते धरून ठेवतो. बाळूने गेल्या वर्षी जास्त पाण्यासाठी विहिरीच्या तळातच उभं बोअर मारलं. ते पाषाणातून आरपार गेलं. खालच्या कोरड्या भेगांत विहिरीचं पाणी उतरून गेलं.

“पाणी बघताना नारळ उभा राह्यला होता, दाजी. तळहातावर, सरळ,” बाळू म्हणाला.

“नारळाला काय बोल लावता,” त्याची बायको मंदा म्हणाली. “पाणी तिथंच होतं. तुम्ही त्याला वाट करून दिली.”

क्रेनच्या पाळण्यातून मी आणि बाळू खाली उतरलो. बोअरमध्ये गोणपाट ठासलं, वर लवकर घट्ट होणारं सिमेंट ओतलं. मांजऱ्यातून एका बाजूने बारीक पाझर चालू होता. तो तळाला थांबतो का, एवढंच बघायचं होतं.

“ताईला विचारायला पाह्यजे होतं,” बाळू म्हणाला.

“मग विचारलं का नाहीस?”

“ती नाय म्हणली असती.”

ऊन उतरेपर्यंत घोटाभर पाणी साचलं आणि ते खाली गेलं नाही. मंदाने वरून दोर सोडला. एकेका झाडाला बादली घातली. कडेच्या दोन झाडांना पुरलं नाही.

“उद्या त्यांच्यापासून सुरू करते, भाऊजी,” ती म्हणाली.

मुद्दाम जाऊन बघावं असं तिथे काही नाही. मी मात्र पुढच्या रविवारी जाईन. झाडं बहुतेक जगतील.

घरी आलो तेव्हा शर्टावर सिमेंट वाळलं होतं. ते कशाने निघतं, हे विचारायला मी स्वयंपाकघराकडे वळलो. मग शर्ट बादलीत टाकला, साबण घातला आणि नळ सोडला.