शरयूबाईंचे गरम हात

मलकापूरच्या डॉक्टर शरयूबाई भाट्यांकडे कुणी पोट दुखतंय म्हणून गेलं, तर त्या आधी पोटाकडे बघायच्याच नाहीत. बघायच्या बरोबर कोण आलंय ते. बायको असो, आई असो, नाहीतर मेहुणा असो, त्याला शेजारच्या स्टुलावर बसवायच्या आणि घरून काय पाजून, काय चाटवून, काय चोळून आणलंय ते सगळं गोडीगुलाबीनं वदवून घ्यायच्या. मग दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा चोळायच्या, आणि त्यानंतर पोटाला हात. नवखा पेशंट वैतागायचा. "आवं बाई, पोट माजं दुखतंय, आन् तुमी हिलाच काय इचारत बसलाय?" बाई नुसत्या हसायच्या.

पण ही शहाणपणाची चाल त्या काही आईच्या पोटातून शिकून आल्या नव्हत्या. उलट चोवीस वर्षांची शरयू भाटे म्हणजे अशी धांदरट पोरगी, की दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत हिचं उत्तर तयार! तिला ठिकाणावर आणलं ते सांगलीनं. साल होतं सेहेचाळीस.

सांगलीच्या एका इस्पितळात आगाशे डॉक्टर होते. आज पोटाच्या डॉक्टरच्या नावापुढे हातभर पदव्या असतात. तेव्हा तसलं काही नव्हतं. पण आगाशे डॉक्टरांनी वीस खाटांचा एक वॉर्ड नुसत्या पोटाच्या रोग्यांसाठी राखून ठेवला होता, आणि नुकत्याच पास झालेल्या एकाच डॉक्टरला ते दोन वर्षं हाताखाली घेऊन घडवायचे. त्या वर्षी त्यांनी शरयूला घेतलं. वॉर्ड पुरुषांचा! वाईला तिच्या घरी बातमी गेली, तेव्हा वडील दोन दिवस कुणाशी बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिची ट्रंक स्वतः उचलून टांग्यात ठेवली.

पहिला महिनाभर आगाशे डॉक्टरांनी तिला औषधाची एक चिठ्ठी लिहू दिली नाही. नुसतं पोट चाचपायचं. रोज वीसच्या वीस पोटं. पहिल्याच दिवशी तिनं गार हात लावला आणि पेशंट जो आखडला, तो काही केल्या सैल होईना.

"भाटेबाई," डॉक्टर म्हणाले, "गार हात लागला की पोट दार लावून घेतं. मग बाहेर उभ्या राहा खुशाल. आधी हात गरम करा."

दुसरा धडा सूक्ष्मदर्शकाचा. आवेचा जो अमीबा, तो ओळखायचा तो त्याच्या चालीवरून. नमुना गरम असला तर तो काचपट्टीवर सरपटताना दिसतो. गार झाला की मुटकुळं करून बसतो, आणि मग दहा गोल ठिपक्यांतला हा कोणता, हे कुणाच्या बापाला कळत नाही. म्हणून सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेतून उचलून वॉर्डाच्या व्हरांड्यात आणलेला. नमुना आला की अर्ध्या तासाच्या आत डोळा लावायचा. शरयूला याचं भलतंच वेड लागलं. सकाळी चहा घशाखाली उतरायच्या आत ती तिथे हजर!

डिसेंबरात कडेगावाकडचा आकाराम आला. ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परतलेला फौजेतला नाईक. एके काळी उसाची मोळी एका हातानं फेकणारा गडी, आता बरगड्या मोजून घ्याव्यात असा झालेला. अंगात बारीक ताप, आणि पोटात उजवीकडे खाली पेरूएवढी घट्ट गाठ. शरयूनं हात ठेवला की म्हणायचा, "सब ठीक हाय, डाक्टरसाब!" आणि डोळ्यांतून पाणी काढायचा. बायको मनुबाई खाटेच्या पायथ्याशी, पदर कपाळापर्यंत ओढून, खाली मान घालून बसलेली.

सर्जन टेंबे डॉक्टरांनी गाठ पाहिली आणि सांगितलं, "कॅन्सर. शुक्रवारी पोट उघडू. उशीर करून चालणार नाही."

आगाशे डॉक्टर शरयूला व्हरांड्यात घेऊन गेले. "हा माणूस ब्रह्मदेशात आवेनं महिनाभर आडवा होता. आवेच्या अमीबानंही अशीच गाठ होते, डिट्टो. कॅन्सर असेल तर टेंबे म्हणतात तेच खरं, कापायलाच हवं. पण अमीबाची गाठ असेल आणि तिला सुरी लागली, तर आतडं भिजलेल्या कागदासारखं फाटतं. टाका धरत नाही. माणूस हातचा जातो."

"मग अमीबावरची एमेटिनची इंजेक्शनं देऊन बघू या ना!" शरयू.

"अंदाजानं? त्याची नाडी बघितलीत? ते औषध काळजाला झोंबतं. अमीबा मला डोळ्यांनी दाखवा, मी आत्ता सुई टोचतो. शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

झालं! शरयूच्या पायाला भिंगरी लागली. मंगळवारी सकाळी गरम नमुना आला, तिनं काचपट्टी केली, डोळा लावला. अमीबा नाही. पण हे काय? मोठमोठे, लखलखीत, गोल थेंब! सगळी काच थेंबांनी भरलेली. बुधवारी पुन्हा तेच, मंगळवारपेक्षाही जास्त. तिनं पुस्तक उघडून भराभरा पानं चाळली. शौचातून चरबी जाते, म्हणजे चरबी पचवणारं स्वादुपिंड बिघडलं! टेंबे डॉक्टरांना जे कळलं नाही, आगाशे डॉक्टरांना जे सुचलं नाही, ते वाईच्या शरयू भाटेला दोन दिवसांत सापडलं होतं. ती जवळजवळ पळतच डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"सापडलं, डॉक्टर! स्वादुपिंड आहे! चरबीचे थेंबच थेंब!"

डॉक्टरांनी शांतपणे चष्मा पुसला. "छान. तो खातो काय?"

"भाताची पेज आणि ताकाची निवळ. तुम्हीच लिहून दिलंय."

"निवळीत लोणी किती असतं हो, भाटेबाई?"

शरयूनं मनाशी हिशेब केला आणि जीभ चावली.

"पोटात जी चरबी गेलीच नाही, ती बाहेर कशी येईल? म्हणजे कुठून तरी जातेय. कुठून, ते बघा. माझ्याकडे पळत आलात ना, तसंच आता पेशंटकडे पळत जा."

कुणी सणसणीत मुस्कटात दिली असती तर बरं, असं तिला झालं. जिन्यावर एक मिनिट ती भिंतीला टेकून उभी राहिली, स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या, आणि गेली वॉर्डात.

आकाराम डुलक्या घेत होता. शरयूनं स्टूल बाजूला सारलं आणि सरळ मनुबाईशेजारी फरशीवर मांडी घातली. मनुबाई दचकून अंग चोरून बसली. शरयूनं पाऊस-पाण्याचं विचारलं, पोराबाळांचं विचारलं. बोलता बोलता तिची नजर खाटेखालच्या पितळी वाटीवर गेली. वाटीला तेलकट तवंग. तिनं वाटी उचलून नाकाशी नेली, आणि वास ओळखायला काही सूक्ष्मदर्शक लागला नाही. लहानपणी दर रविवारी तिच्याही नाकपुड्या दाबून हेच पाजलं जायचं.

"मनुबाई, एरंडेल?"

मनुबाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं पदराआडून चपटी बाटली काढून पुढे ठेवली.

"रागावू नगा, बाई. रोज सांजच्याला एक पळी पाजतीया."

"पण का? आम्ही सांगितलं होतं का?"

"न्हाई जी." तिनं मान आणखी खाली घातली. "पर तुमी येवढ्या शिकलेल्या, थोरामोठ्याच्या घरातल्या, आन् माज्या मालकाची घान त्या दुर्बिनीत डोळा घालून बगता. मला लय लाज वाटती वो. जीव अर्दा हुतो. म्हनलं आपल्या हातात येवढंच हाय. आतनं सोच्छ हुऊन तरी तुमच्याफुडं जावं."

शरयूला हसू फुटलं. म्हणजे मंगळवार-बुधवारी आपण जे स्वादुपिंड शोधून काढलं, ते या बाईच्या बाटलीतलं होतं! आणि त्या तेलाच्या पुरात अमीबा असता तरी दिसता कसा?

तिनं मनुबाईचे दोन्ही हात धरले. "मनुबाई, ऐका. तुम्ही त्याला घाण म्हणता, पण मला त्यातलाच चोर पकडायचाय. तुम्ही रोज घर सारवून ठेवलंत तर चोराची पावलं मला दिसणार कशी? आजपासून एरंडेल बंद. आणि नमुना झाला की झाकू नका, ठेवू नका, गरम असतानाच माझ्याकडे पाठवा. पोट कापायचं की नाही, ते त्यावर आहे."

मनुबाईनं पहिल्यांदा मान वर केली. "म्हंजी, न कापता बी हुईल?"

"चोर सापडला तर होईल."

तेल निघून जायला दिवस लागणार होते. शरयू टेंबे डॉक्टरांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि झालेली फजिती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, स्वादुपिंडासकट, आणि आणखी थोडी मुदत मागितली. टेंबे डॉक्टर आधी हसले, मग गंभीर झाले. "सोमवारी सकाळी नऊ. त्यापुढे एक मिनिट नाही. त्याचा ताप वाढतोय."

गुरुवारी थेंब. शुक्रवारी थेंब. शनिवारी थेंब विरळ झाले, पण अमीबा नाही. रविवारी काच जवळजवळ स्वच्छ, आणि तिच्यावर काहीच नाही! शरयू दोन तास डोळा लावून बसली. मान अवघडली, डोळ्यापुढे माश्या नाचायला लागल्या. खरंच कॅन्सर असेल तर? आपण तीन दिवस फुकट घालवले तर? आगाशे डॉक्टर मागे येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "उद्याची सकाळ आहे अजून."

सोमवारी साडेआठ वाजले तरी नमुना नाही. वॉर्डबॉय आकारामला न्यायला ट्रॉली घेऊन आले. शरयू व्हरांड्यात येरझारा घालत होती. काचपट्ट्या गरम पाण्याच्या पेल्याला टेकवून ठेवल्या होत्या, सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे वळवून ठेवला होता. पावणेनऊ. आणि वॉर्डाच्या त्या टोकाकडून आरडाओरडा ऐकू आला.

"सरका! आवं सरका की बाजूला!"

मनुबाई! पदर डोक्यावरून खाली आलेला, दोन्ही हातांत एनॅमलचं भांडं, वर झाकण नाही, फडकं नाही. खाटांवरची माणसं, नर्सा, वॉर्डबॉय, सगळ्यांच्या देखत ती वॉर्डाच्या मधोमध पळत सुटली होती. पाच दिवसांपूर्वी मान वर न करणारी ती बाई!

"बाई, गरम हाय! बगा बगा, लौकर बगा!"

शरयूनं पेल्याजवळची गरम काचपट्टी उचलली. मिठाच्या पाण्याचा थेंब, त्यावर रक्ताची रेघ दिसत होती तिथला कण, वर पातळ काच. डोळा लावला. थेंब नाहीत. तांबड्या पेशी. पुढे सरकवलं. काही नाही. आणखी पुढे. आणि तिथे, उजेडाच्या कडेला, एका पारदर्शक ठिपक्यानं अंगातून एक बोट बाहेर काढलं. मग सगळं अंग त्या बोटात ओतलं आणि पुढे सरकला. पोटात चार तांबड्या पेशी गिळलेल्या! शेजारी दुसरा. तिसरा!

"चालतोय!" शरयू एवढ्या मोठ्यानं ओरडली की वॉर्डबॉयच्या हातून ट्रॉली सुटली. "चालतोय, डॉक्टर, चालतोय!"

आगाशे डॉक्टरांनी पाहिलं आणि तिच्या खांद्यावर थाप मारली. टेंबे डॉक्टर ऑपरेशनसाठी धुतलेले ओले हात तसेच वर धरून आले, डोळा लावला, आणि बराच वेळ बघत राहिले. "न्या त्याला परत खाटेवर," ते म्हणाले. "मी कापलं असतं हो ह्याला." पहिली सुई आगाशे डॉक्टरांनी स्वतः टोचली.

मनुबाईनंही हट्टानं डोळा लावला. "येवढुसं?" ती म्हणाली. "ह्ये ब्रह्मदेशातनं आलं व्हय माज्या दाल्ल्यासंगं? मुडदा बशिवला त्येचा!"

मग दहा दिवस रोज एक इंजेक्शन, दर दोन तासांनी नाडी, आणि आकारामला कूस बदलायचीसुद्धा बंदी. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी पेरूचं लिंबू झालं. आठव्या दिवशी सुपारी. शरयू रोज तळवे चोळायची, हात ठेवायची, आणि पायथ्याशी बसलेली मनुबाई तिचा चेहरा वाचायची.

अकराव्या दिवशी दोघेही डॉक्टर आले. टेंबे डॉक्टरांनी चाचपलं, इकडून, तिकडून, खोल. हात काढून घेतला आणि आगाशे डॉक्टरांकडे बघून मान हलवली. शरयूनं चाचपलं. मऊ पोट. काही म्हणता काही नाही.

मनुबाई उभी राहिली होती. "मी बगू?"

भरल्या वॉर्डात, परक्या पुरुषांसमोर, बायकोनं नवऱ्याच्या अंगाला हात लावायचा म्हणजे त्या काळी अघटितच. आकाराम स्वतःच लाजून तोंड भिंतीकडे वळवायला लागला. शरयूनं बाजूला सरून तिला जागा करून दिली.

मनुबाई पुढे झाली. मग काहीतरी आठवल्यासारखी थांबली. उसाच्या पाचोळ्यानं चिरलेले, भेगाळलेले ते दोन तळवे तिनं एकमेकांवर खसाखसा चोळले, आपल्या गालाला लावून बघितले, पुन्हा चोळले. आणि मग हलक्या हातानं नवऱ्याच्या पोटावर ठेवले.