अतीतच्या अलीकडे गाडी थांबली

माझ्या पत्नीच्या, शालनच्या, दुखण्यावर डॉक्टरांकडे काही उपाय उरला नव्हता, त्या उन्हाळ्यातली ही हकिगत. कॅन्सर मणक्यात उतरला होता. कूस बदलतानाही तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघायचा आणि तो कानावर पडू नये म्हणून मी अंगणात गाडीपाशी जाऊन उभा राहायचो. त्या दिवसांत देवाचा मला रागही येत नव्हता. राग यायला समोर कुणीतरी आहे असं वाटावं लागतं. शालनचं तसं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून दत्तमहाराजांची. जमेल त्या गुरुवारी आम्ही तासगावहून औदुंबरला जायचो. ती दर्शनाला जाई आणि मी बाहेर सावलीत गाडी लावून बॉनेट उघडून काहीतरी बघत बसे. तिनं मला कधी आत चला म्हटलं नाही. प्रसाद तेवढा आणून हातावर ठेवायची.

मी हायस्कूलमध्ये शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. पण गावात मला लोक ओळखतात ते माझ्या सेडानमुळे. आजूबाजूच्या सगळ्यांनी उंच गाड्या घेतल्या, कंपनीनं माझं मॉडेल बनवायचंच बंद केलं, तरी मी ती सोडली नाही. डिकीवाली, जमिनीलगत बसणारी, वळणावर रस्ता धरून ठेवणारी गाडी एकदा हाताला लागली की दुसरी चालवावीशी वाटत नाही. तिचं ऑइल मी स्वतः बदलतो, ब्रेक स्वतः उघडतो. सुट्या भागांसाठी सांगली-कोल्हापूरच्या जुन्या बाजारात हिंडतो. माझ्यासारखे आणखी काही वेडे फोनवरच्या ग्रुपमध्ये आहेत, कुणाला काय मिळालं ते आम्ही एकमेकांना कळवतो. वेळच्या वेळी सगळं केलं तर गाडी धोका देत नाही, यावर माझा विश्वास होता. खरं सांगायचं तर तेवढ्या एकाच गोष्टीवर होता.

आमची एकुलती मुलगी मनीषा साताऱ्यात असते. जावई फौजेत, तेव्हा दूर सीमेवर होते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस राहिले होते आणि डॉक्टरांनी पलंगावरून उतरायचं नाही असं बजावलं होतं. सोबतीला तिच्या सासूबाई होत्या. म्हणजे लेक आईकडे येऊ शकत नव्हती आणि आई लेकीकडे जाण्याच्या अवस्थेत नव्हती. दोघी फोनवर बोलायच्या, फोन ठेवला की शालन भिंतीकडे तोंड करून पडायची. एक दिवस ती म्हणाली, मला साताऱ्याला न्या. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, न्यायचं असेल तर आत्ताच न्या, पण धक्के सोसवणार नाहीत. मी अँब्युलन्सचा विचार केला, तर ती म्हणाली,

"अहो, अँब्युलन्समधून उतरले तर पोरगी दारातच रडायला लागेल. तिला रडवायला नाही जायचं मला. आपल्या गाडीतून न्या."

मग मी कामाला लागलो. मागचे शॉक अॅब्सॉर्बर बदलले, पुढच्या चाकांची झिजलेली रबरी बुशं बदलली, इंजिनाची थरथर आत येऊ नये म्हणून त्याखालचे रबरी आधार नवे टाकले. टायरमधली हवा थोडी कमी केली. मागच्या सीटवर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवून पलूसच्या रस्त्यावर चकरा मारल्या. पाणी सांडलं की परत येऊन गाडीखाली शिरायचो. आयुष्यात एवढं मन लावून मी कुठलंच काम केलं नसेल. गाडीखाली पाठीवर पडल्यापडल्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि हात ग्रीसनं भरलेले असल्यामुळे पुसताही यायचं नाही. शेवटी एक दिवस तांब्यातलं पाणी सांडलं नाही. मी घरात जाऊन तिला म्हटलं, उद्या सकाळी निघू.

कराडपर्यंत सगळं ठीक झालं. ती मागच्या सीटवर उशांना टेकून बसली होती आणि मला आरशातून तिचा चेहरा दिसत होता. एकदा हसलीसुद्धा, म्हणाली, तरंगल्यासारखं वाटतंय. हायवेवर रुंदीकरणाचं काम चाललेलं असल्यामुळे जागोजागी वाहतूक बाजूच्या रस्त्यावर वळवलेली होती. उंब्रज मागे पडलं. अतीत गावाच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली, पुढे पुलाच्या कामापाशी एक मोठा ट्रेलर आडवा अडकला होता. आम्ही मुंगीच्या पावलानं सरकत असताना तापमानाचा काटा वर चढताना मला दिसला. पाठोपाठ बॉनेटखालून किरकिर आवाज आला आणि वाफ निघाली.

गाडी कडेला घेऊन मी बॉनेट उघडलं. इंजिनात पाणी फिरवणारा पंप गेला होता, सगळं पाणी रस्त्यावर सांडत होतं. तो पंप नवा होता, मीच बसवलेला, निघायच्या आधी हात लावून तपासलेला. काय बिघडलंय, कसं दुरुस्त करायचं, सगळं मला माहीत होतं आणि त्या माहितीचा तिथे काडीचा उपयोग नव्हता. नवा पंप मिळाला तरी पुढचा निम्मा दिवस त्यात जाणार होता. कराडला अँब्युलन्ससाठी फोन केला, ते म्हणाले पाठवतो, पण त्या रांगेतून कधी पोचेल सांगता येत नाही. मनीषाच्या सासूबाईंना फोन करून उशीर होईल एवढंच कळवलं.

ऊन भाजून काढत होतं. गाडी बंद म्हणजे एसी बंद. दारं उघडली तर धूळ आत येत होती. शालनची औषधाची वेळ व्हायला अवकाश होता, पण दुखणं आधीच सुरू झालं. तिनं पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडली होती. मी परत बॉनेटकडे गेलो, काहीही करता येणार नाही हे ठाऊक असून पाना घेऊन उभा राहिलो. आणि मग त्याच्याशी भांडलो, ज्याला मी कधी हाकही मारली नव्हती. मनात म्हटलं, हिनं आयुष्यभर तुझं नाव घेतलं, हिला निदान लेकीपर्यंत तरी पोचू दे. ही प्रार्थना होती की शिवी, मला अजून ठरवता येत नाही. तेवढ्यात तिनं मला आत बोलावलं. श्वास लागत होता, तरी शब्द स्पष्ट होते.

"आता सोडा ते. तुमच्या हातातलं होतं ते तुम्ही केलंत. आता त्यांना करू दे."

मी पाना खाली ठेवला. तिच्याजवळ बसलो, तिचा हात धरला आणि काहीच केलं नाही. मला आठवतंय, त्या आजारपणात मी पहिल्यांदाच काही न करता तिच्याजवळ बसलो होतो.

किती वेळ गेला माहीत नाही. रांगेतून एक छोटा टेम्पो बाहेर पडून आमच्या मागे येऊन थांबला. मागे गाद्या रचलेल्या, वरून ताडपत्री. चालवणारा पन्नाशीचा, पांढरी दाढी, अंगावर कापसाचे तंतू चिकटलेले. गाडीत डोकावून त्यानं शालनकडे पाहिलं आणि मला विचारलं, कुठं न्यायचंय. मी सांगितलं. कुठं दुखतंय हेही सांगितलं. तो म्हणाला,

"आवं, म्या गाद्या भरतो. साताऱ्यातच दुकान हाय. एका लग्नघरची ऑर्डर हुती, आज पोचवाया गेलो तर म्हनं लग्न मोडलं, माल माघारी न्या. सकाळपासनं लय डोकं फिरलं हुतं. कुणासाठी भरल्या हुत्या ते आत्ता कळलं बघा. उचला वैनीस्नी."

त्याचं नाव रशीदभाई. गाद्या त्यानं स्वतः खाली-वर करून मधे खोलगट जागा केली, बाजूंना गाद्या उभ्या लावल्या, ताडपत्रीची सावली केली. आम्ही दोघांनी शालनला चादरीसकट उचललं. मला भीती होती की ती ओरडेल. ती नव्या कापसात रुतली आणि तिच्या चेहऱ्यावरचे ताणलेले सगळे स्नायू सैल झाले. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. अँब्युलन्सला येऊ नका म्हणून कळवलं, पण गाडीला कुलूप तरी लावलं की नाही, आठवत नाही. रशीदभाईंना आतला गावचा रस्ता माहीत होता, त्यांनी टेम्पो तिकडून काढला. रस्ता खराब होता. माझे दात एकमेकांवर आपटत होते आणि माझ्या मांडीवर शालन झोपली होती. कित्येक दिवसांत ती अशी झोपलेली मी पाहिली नव्हती.

सातारा आलं तेव्हा ती जागी झाली. मनीषाचं घर तळमजल्यावर, पलंग खिडकीला लागून. टेम्पो खिडकीसमोर उभा राहिला, रशीदभाईंनी ताडपत्री सारली आणि मनीषानं बाहेर पाहिलं. गाद्यांच्या ढिगात आई पडलेली, केसांत कापूस, शेजारी बाप धुळीनं माखलेला. पोरगी हसायला लागली. पोटाला हात लावून हसत राहिली. शालननं तिच्याकडे पाहिलं आणि तीही हसली. मी तोंड फिरवलं.

त्यानंतर ती आठवडाभर होती. मायलेकींचे पलंग शेजारीशेजारी लावले होते, दोघींनाही उठायची मनाई. वेदना परत आल्या, पूर्वीपेक्षा वाईट आल्या, औषध वाढवावं लागलं. ते दिवस मी गोड करून सांगणार नाही. पण मधल्या वेळात दोघी बोलायच्या. शालनचा हात मनीषाच्या पोटावर असायचा. एका दुपारी बोलताबोलता तिचं बोलणं थांबलं. मनीषाला वाटलं झोप लागली. तिचा हात तिथेच होता.

माहुलीच्या घाटावर तिला अग्नी देऊन परत आलो. नंतर एक दिवस रशीदभाई घरी आले. चहा घेतला नाही, फार बोललेही नाहीत, डोक्यावर रुमाल बांधून भिंतीला टेकून बसून राहिले. जाताना एवढंच म्हणाले की वैनी झोपल्या हुत्या, मला आरशातनं दिसत हुतं. मी त्यांना नमस्कार करायला वाकलो तर त्यांनी दोन्ही हातांनी मला वर धरलं.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे. भेटणारे म्हणतात, महाराजच आले हो टेम्पो घेऊन. मी मान हलवतो, वाद घालत नाही. पण कुठल्यातरी घरात त्या दिवशी एक लग्न मोडलं होतं, कुणी मुलगी रडली असेल. ते आमच्यासाठी घडलं असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. शालन वाचलीही नाही. मला सांगता येतं ते इतकंच, की माझ्या हातातलं सगळं संपलं तिथे दुसऱ्या कुणाचे तरी हात होते, आणि मी पाना खाली ठेवला नसता तर ते मला दिसलेही नसते. अतीतहून गाडी ओढून आणल्यावर मी ती दुरुस्त केली. पंप नवा टाकला. आजही तिची सगळी निगा तशीच राखतो. मात्र ती धोका देणार नाही अशी हमी आता तिच्याकडून मागत नाही.

मी साताऱ्यातच मनीषाकडे थांबलो होतो. दिवस भरायच्या आधीच तिच्या पोटात दुखायला लागलं. माझी गाडी दारात उभी होती आणि मी किल्ली हातात घेतली होती. मनीषा म्हणाली, बाबा, तुम्ही माझ्याजवळ बसा. मग शेजाऱ्यांच्या सुनेच्या हातात किल्ली दिली. ती नुकतीच गाडी शिकलेली. क्लच अर्धवट दाबून गिअर टाकत होती, इंजिन कण्हत होतं, आणि मी मागे मनीषाचा हात धरून एक शब्द न बोलता बसलो. मला नात झाली. फार लहान होती, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली, आता बाळसं धरलं आहे. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी मी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो आणि आत काय चाललंय ते मला काहीच माहीत नव्हतं. मी डोळे मिटले. काही मागायचं सुचलं नाही. शालन लेकीपर्यंत पोचली, झोपली, हसली, याबद्दल मी दत्तमहाराजांचे आभार मानले, आणि आतून जी बातमी येईल तिच्याबद्दलही आधीच मानून टाकले. नर्सनं दार उघडून मला हाक मारली, तेव्हा माझं त्यांच्याशी बोलणं पुरं झालं होतं.